आइन्स्टाइन यांच्या पायाशी पसरलेले आकाश

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात आम्ही अमेरिकेच्या राजधानीतील, म्हणजे वॉशिंग्टन येथील, अल्बर्ट आइन्स्टाइन स्मारकाचे एक छायाचित्र छापले होते. सैलसर कपडे आणि पायात सँडल घातलेले आइन्स्टाइन दगडी पायऱ्यांच्या बाकावर विसावले आहेत, हातात एक कागद आहे आणि पुढे ठिपक्यांनी भरलेली गोल फरशी पसरली आहे, असे ते चित्र होते. त्याखालच्या चार ओळींनी वाचकांचे समाधान झाले नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसते. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघे मुलीकडे अमेरिकेला निघालो आहोत. वॉशिंग्टनसाठी दोनच दिवस हाती आहेत. एका पुतळ्यासाठी वाट वाकडी करावी का, आणि तो नेमका सापडतो कोठे?

उत्तर : वाट फारशी वाकडी करावी लागत नाही. लिंकन स्मारक आणि व्हिएतनाम युद्धातील मृत सैनिकांची नावे कोरलेली काळी भिंत आपण पाहणारच असाल. त्या भिंतीच्या उत्तरेला कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅव्हेन्यू हा रुंद रस्ता आहे. तो ओलांडला की समोर नॅशनल अकादमी ऑफ सायन्सेस या अमेरिकी वैज्ञानिकांच्या संस्थेची पांढरी, शांत इमारत दिसते आणि तिच्या आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, बावीसाव्या रस्त्याच्या बाजूला, हे स्मारक आहे. एल्म आणि हॉलीच्या झाडांआड ते असे बसवले आहे की रस्त्यावरून घाईने जाणाऱ्याच्या ते सहसा लक्षात येत नाही. आपण चुकलो की काय असे वाटू लागावे आणि तेवढ्यात झाडांमधून ते गुडघे दिसावेत, असा प्रकार होतो. मेट्रोने येणार असाल तर फॉगी बॉटम स्थानकावर उतरून दक्षिणेकडे पंधरा-वीस मिनिटे चालावे. तिकीट नाही. डागडुजीसाठी अशी ठिकाणे अधूनमधून बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी अकादमीच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घेतलेले बरे.

लिंकन आणि आइन्स्टाइन एकाच दिवशी पाहावेत, अशी आमची शिफारस आहे. दोघेही बसलेले आहेत. पण लिंकन संगमरवरी आहेत, एकोणीस फूट उंच आहेत, देवळासारख्या वास्तूत खांबांच्या मागे आसनस्थ आहेत आणि त्यांच्यापर्यंत पायऱ्या चढून जावे लागते. आइन्स्टाइन स्वतःच पायऱ्यांवर बसले आहेत. या दोघांमध्ये एक जुना धागाही आहे. ज्या अकादमीच्या अंगणात आइन्स्टाइन बसले आहेत, तिच्या स्थापनेच्या कायद्यावर १८६३ मध्ये लिंकन यांनीच सही केली होती.

प्रश्न : छायाचित्रात फरशीवर जे ठिपके दिसतात, ती निव्वळ नक्षी आहे की त्यांना काही अर्थ आहे?

उत्तर : हा प्रश्न आल्याचा आम्हांला विशेष आनंद झाला, कारण बहुतेक लोक पुतळ्यासोबत छायाचित्र काढतात आणि या ठिपक्यांवरून चालत निघून जातात. ती नक्षी नाही, तो आकाशाचा नकाशा आहे. अठ्ठावीस फूट व्यासाच्या या गोल चौथऱ्याच्या दगडात धातूच्या दोन हजार सातशेहून अधिक टिकल्या बसवल्या आहेत. अनावरणाच्या दिवशी, २२ एप्रिल १९७९ रोजी दुपारी बारा वाजता सूर्य, चंद्र, ग्रह आणि तारे यांची जी स्थाने होती, ती अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञांनी काढून दिली आणि त्यांबरहुकूम टिकल्या बसवण्यात आल्या. तारा जितका तेजस्वी तितकी टिकली मोठी. जोडतारे, तारकागुच्छ, पल्सार (ठरावीक लयीत स्पंदने पाठवणारे तारे), क्वेसार (फार दूरच्या, अतिशय तेजस्वी वस्तू) यांच्यासाठी वेगवेगळ्या प्रकारच्या टिकल्या आहेत.

दुपारी बाराची वेळ हे या नकाशाचे आमच्या मते सर्वांत सुंदर अंग आहे. भर दुपारी तारे आकाशात असतातच, सूर्याच्या प्रकाशामुळे ते आपल्याला दिसत नाहीत इतकेच. त्या दिवशी अनावरणाला जमलेल्या लोकांना वर पाहून जे दिसणे शक्य नव्हते, ते त्यांच्या पायाखाली मांडून ठेवले होते.

नकाशा वाचायचा असेल तर सुरुवात सूर्यापासून करावी. एप्रिलच्या त्या दिवशी सूर्य मेष तारकासमूहात होता. चंद्र त्याच्या पश्चिमेला, अमावास्येला चारेक दिवस उरलेले असताना जेथे असावा तेथे. गुरू कर्केत आणि शनी सिंहेत. ग्रह त्यानंतर कितीतरी पुढे गेले आहेत; गुरूची सूर्याभोवती प्रदक्षिणा सुमारे बारा वर्षांत होते आणि शनीची साडेएकोणतीस वर्षांत, त्यामुळे आज रात्री आकाशात पाहिले तर ग्रहांचा या फरशीशी काही मेळ बसणार नाही. तारे मात्र जवळजवळ तेथेच आहेत. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे, म्हणजे अयनचलनामुळे, मोजणीचा आरंभबिंदू वर्षाला सुमारे पन्नास विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. चार दशकांहून अधिक काळात हा फरक पूर्णचंद्राच्या रुंदीहून थोडासाच जास्त झाला आहे आणि तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणारा नाही.

क्वेसार आणि पल्सार यांच्या टिकल्या शोधण्याचा प्रयत्न अवश्य करावा. आइन्स्टाइन १९५५ मध्ये गेले. क्वेसार म्हणजे नेमके काय हे कळण्यास १९६३ साल उजाडले आणि पहिला पल्सार १९६७ मध्ये सापडला. म्हणजे या पुतळ्याच्या पायाशी अशा गोष्टी मांडल्या आहेत, ज्यांची नावेही आइन्स्टाइन यांच्या कानांवर कधी पडली नव्हती. तरीही त्या त्यांच्या सिद्धांताबाहेरच्या नाहीत. क्वेसारच्या अफाट तेजामागे दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या, केंद्रातील महाकाय कृष्णविवर असते आणि कृष्णविवराचे गणित त्यांच्याच समीकरणातून निघते, जरी अशी वस्तू निसर्गात खरोखर तयार होत असेल हे मानायला ते स्वतः तयार नव्हते. अनावरणाच्या समारंभात भाषण करणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर हेच ‘कृष्णविवर’ या शब्दाचा इंग्रजी मूळ शब्द जगभर रूढ करणारे गृहस्थ होते. टिकल्यांची जागा ठरवणाऱ्यांच्या मनात हे सारे होते की नाही, हा तर्काचा विषय आहे; आम्हांला मात्र ही फरशी पुतळ्याहून अधिक बोलकी वाटते.

दगडाबद्दल थोडेसे. हा गडद, निळसर-हिरवी झाक असलेला दगड नॉर्वेतील लार्विक भागातून आणला आहे. व्यापारात त्याला ग्रॅनाइट म्हणतात, भूशास्त्रज्ञ त्याला लार्विकाइट असे वेगळे नाव देतात. त्यातील फेल्डस्पार खनिजाच्या अतिशय पातळ थरांमधून प्रकाश परतताना मोरपिशी चमक उठते. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर ती अधिक खुलते. मात्र ओल्या फरशीवर जपून चालावे.

प्रश्न : चौथऱ्याच्या मध्यभागी उभे राहून बोलले की आवाज घुमतो, असे ऐकले. ही काय जादू आहे?

उत्तर : जादू नाही, भूमिती आहे. पुतळा ज्या बाकावर बसला आहे तो सरळ नाही, चौथऱ्याला कवेत घेणारा वक्र आहे. वर्तुळाच्या केंद्रातून निघालेला आवाज वक्र पृष्ठभागाच्या प्रत्येक भागावर आपटून पुन्हा केंद्राकडेच परततो, म्हणून मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो. बाजूला उभ्या असलेल्या सोबत्याला त्यातले फारसे काही जाणवत नाही, त्यामुळे दोघांनीही आळीपाळीने उभे राहून पाहावे. त्याच जागेवरून वर पाहिले असता आइन्स्टाइन आपल्याकडेच पाहत आहेत असेही वाटते.

प्रश्न : पुतळ्याच्या हातातील कागदावर काय लिहिले आहे? मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, तेव्हा गणित न घालता सांगता येईल का?

उत्तर : प्रयत्न करतो. कागदावर तीन समीकरणे आहेत. त्यांपैकी एक सर्वांना पाठ असते, दुसऱ्यामुळे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि तिसरे त्यांचे सर्वांत मोठे काम समजले जाते. गंमत म्हणजे ही तीन वेगवेगळी समीकरणे आहेत.

पाठ असते ते ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर. वस्तुमान आणि ऊर्जा ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत आणि त्यांच्यातील विनिमयाचा दर म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा वर्ग, असे ते सांगते. आपण वाणिज्याच्या पदवीधर आहात म्हणून विनिमयाचा दर हा शब्द वापरला. हा दर विलक्षण चढा आहे. एक ग्रॅम वस्तुमानाचे पूर्णपणे ऊर्जेत रूपांतर करता आले, तर विजेच्या मीटरवरील सुमारे अडीच कोटी युनिटांइतकी ऊर्जा मिळेल. या समीकरणामुळे पुष्कळांना आइन्स्टाइन अणुबाँबचे जनक वाटतात, ते मात्र बरोबर नाही. जर्मनी असा बाँब तयार करील अशी भीती व्यक्त करणाऱ्या, अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेल्या २ ऑगस्ट १९३९ च्या पत्रावर त्यांची सही होती हे खरे आहे. परंतु बाँब बनवण्याच्या प्रकल्पात त्यांना घेतले गेले नाही.

नोबेल मिळाले ते प्रकाशविद्युत परिणामाच्या समीकरणाला. काही धातूंवर प्रकाश पडला की त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्रकाश वाढवला तर इलेक्ट्रॉन अधिक जोराने बाहेर पडावेत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांची संख्या वाढे, जोर वाढत नसे. जोर वाढवायचा तर प्रकाशाचा रंग तांबड्याकडून जांभळ्याकडे न्यावा लागे. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये सांगितले की प्रकाश सुट्ट्या पुडक्यांच्या रूपाने येतो, प्रत्येक पुडक्याची ऊर्जा त्याच्या वारंवारितेवर, म्हणजे रंगावर, ठरते, आणि त्यातून धातूच्या बाहेर पडण्याचा खर्च वजा केला की इलेक्ट्रॉनच्या हाती जे उरते ती त्याची गतिज ऊर्जा, म्हणजे त्याचा जोर. जमाखर्चासारखेच हे समीकरण आहे. १९२१ सालचे नोबेल त्यासाठी होते. ते जाहीर झाले १९२२ मध्ये, आणि त्याच वर्षी या अकादमीने त्यांना परदेशी सहयोगी म्हणून निवडले.

तिसरे समीकरण नोव्हेंबर १९१५ मधले, व्यापक सापेक्षता सिद्धांताचे. त्याची डावी बाजू सांगते की अवकाश आणि काळ मिळून झालेले वस्त्र किती वाकले आहे, आणि उजवी बाजू सांगते की ते वाकवणारे पदार्थ आणि ऊर्जा तेथे किती आहेत. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश पावणेदोन विकलांनी वळेल, असे भाकीत त्यातून निघाले आणि २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात घेतलेल्या छायाचित्रांनी ते खरे ठरले. इतके दूर जायचे नसेल तर आपल्या हातातील मोबाइलकडे पाहावे. त्यातील नकाशा ज्या उपग्रहांच्या घड्याळांवर चालतो, ती घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश भाग) पुढे जातात. गुरुत्व कमी असल्याने ४५ ने पुढे आणि वेगामुळे ७ ने मागे, असा तो हिशेब आहे. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात जागेची चूक दहा किलोमीटरांच्या वर जाईल. झाडांआडचा हा पुतळा मोबाइलच्या मदतीने शोधणाऱ्याला त्यापर्यंत पोहोचवण्यात, त्याच्या हातातील कागदाचाही वाटा असतो.

कागद पाहताना चेहऱ्याकडेही पाहावे. शिल्पकार रॉबर्ट बर्क्स यांनी १९५३ मध्ये प्रिन्स्टनला जाऊन आइन्स्टाइन यांना समोर बसवून त्यांचे अर्धशिल्प घडवले होते, आणि पुतळ्याचा चेहरा त्यावरून घेतला आहे. म्हणजे चेहरा चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा आहे आणि कागदावरचे काम सव्वीस ते छत्तीस या वयातले.

प्रश्न : बाकावर कोरलेली वाक्ये कोणती आहेत?

उत्तर : तीन आहेत. एकात या जगाच्या सौंदर्याने आणि भव्यतेने होणाऱ्या आनंदाचा आणि विस्मयाचा उल्लेख आहे. एकात म्हटले आहे की सत्य शोधण्याच्या हक्काबरोबर एक कर्तव्यही येते; जे सत्य म्हणून उमगले त्यातील कोणताही भाग लपवता कामा नये. उरलेले वाक्य १९३३ चे आहे. हिटलर सत्तेवर आला तेव्हा आइन्स्टाइन अमेरिकेत होते आणि त्यांनी जर्मनीला न परतण्याचे ठरवले. जोवर माझ्या हाती निवड आहे तोवर मी अशाच देशात राहीन, जेथे नागरी स्वातंत्र्य, सहिष्णुता आणि कायद्यापुढे सर्व नागरिकांची समानता नांदते, असा त्याचा आशय आहे.

हे वाक्य अमेरिकेच्या राजधानीत, सरकारी कचेऱ्यांच्या रांगेत वाचताना अमेरिकेची प्रशस्ती वाटण्याचा संभव आहे. ते तसे वाचू नये. आइन्स्टाइन १९४० मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले, १९४२ मध्ये अकादमीचे सदस्य झाले, आणि याच काळात तेथील गुप्तचर खाते त्यांच्यावर पाळत ठेवून होते. त्यांच्या नावाची फाइल चौदाशे पानांच्या वर गेली. त्यांनीही तोंड बंद ठेवले नाही. १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपुढे बोलताना, वंशभेद हा गोऱ्यांचा रोग आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कोरलेल्या वाक्यातील ‘जोवर माझ्या हाती निवड आहे’ हे शब्द त्यामुळे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटतात.

प्रश्न : आपले कोणतेही स्मारक होऊ नये अशी आइन्स्टाइन यांची इच्छा होती, असे वाचले आहे. मग हा पुतळा म्हणजे त्यांच्या इच्छेचा भंग नव्हे काय?

उत्तर : काही अंशी होय, असेच म्हणावे लागेल. १८ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच दिवशी दहन झाले आणि रक्षा कोणाला न कळवता विखुरण्यात आली, ती अशासाठी की माथा टेकायला एखादी जागा उरू नये. प्रिन्स्टनमधील मर्सर स्ट्रीटवरील ११२ क्रमांकाचे त्यांचे साधे घर संग्रहालय होऊ नये, हीही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. त्या घरात आजही माणसे राहतात. दुसरीकडे, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी त्यांचा मेंदू परस्पर काढून ठेवला आणि तो पुढे अनेक वर्षे तुकड्यातुकड्यांनी फिरत राहिला. इच्छाभंगाचा हिशेब मांडायचाच असेल, तर पुतळा त्यात बराच खाली येईल.

तरीही प्रश्न उरतोच. आमचे मत असे की त्यांचा विरोध पूजेला होता, आणि बारा फूट उंचीचा, सुमारे चार टनांचा ब्राँझचा देह उभारला की पूजेची वाट मोकळी होते. या स्मारकाने ती काही प्रमाणात अडवली आहे. येथे हार घालण्याची सोय नाही, गळ्यापर्यंत हात पोहोचत नाही, पण मांडीपर्यंत पोहोचतो. पुतळा पाहणाऱ्याची नजर आधी कागदाकडे जाते आणि मग जमिनीवरील ताऱ्यांकडे. आइन्स्टाइन यांना हे पटले असते का, हे कोणी सांगू शकणार नाही. त्यांच्या नावाने कोणी काही उभारायचेच असेल, तर ते असे असावे, इतकेच आम्ही म्हणू.

प्रश्न : मुले त्या पुतळ्याच्या मांडीवर, खांद्यावर चढून बसलेली छायाचित्रांत दिसतात. माझ्या यजमानांना हे मुळीच रुचत नाही. थोर माणसाच्या अंगाखांद्यावर पाय द्यावा का? आमचा नातूही सोबत असणार आहे.

उत्तर : आपल्या यजमानांची भावना आम्ही समजू शकतो; आपल्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी आपण हात जोडतो. पण येथे रचनाच वेगळी आहे. पुतळा उंच चौथऱ्यावर नाही, त्याभोवती कठडा नाही, आणि ज्या पांढऱ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर तो बसला आहे त्याच पायऱ्यांवर आपणही त्याच्या शेजारी बसू शकतो. बर्क्स यांची शैलीही याला पोषक आहे. त्यांनी पृष्ठभाग गुळगुळीत केला नाही. मातीचे गोळे बोटांनी चिकटवत नेल्यासारखा तो खडबडीत आहे, आणि काही समीक्षकांनी त्यावर नाकेही मुरडली. दुरून पाहिले तर तो खडबडीतपणा सुरकुतलेल्या कपड्यांसारखा आणि विस्कटलेल्या केसांसारखा दिसतो, जवळून पाहिले तर मुलांना हात ठेवायला जागोजागी आधार मिळतो.

हात लावल्याने ब्राँझचे नुकसान होत नाही का, हा रास्त प्रश्न आहे. ब्राँझवर हवेमुळे आणि संस्करणामुळे गडद थर बसतो, आणि जेथे हजारो हात लागतात तेथे तो झिजून खालचा सोनेरी धातू उघडा पडतो. त्यावर मेणाचा हात देऊन देखभाल करावी लागते. अंगठ्या, बुटांच्या टाचा आणि कमरपट्ट्यांचे बक्कल यांनी खरे ओरखडे उठतात, म्हणून नातवाचे बूट काढून ठेवावेत. यजमानांच्या मनालाही तेवढेच बरे वाटेल. खांद्यावर मात्र चढू देऊ नये, कारण बारा फुटांवरून खाली आहे तो दगडच. मांडी पुरेशी आहे.

आणि नातू मांडीवर बसलेला असताना यजमानांना फरशीच्या मध्यभागी उभे करून त्याच्याशी दोन शब्द बोलायला सांगावे. आधी स्वतःचा आवाज ऐकून ते दचकतील, मग खाली पाहतील.